कोरडी पूजा

१

दसऱ्याच्या सकाळी अक्कलकोट रस्त्याकडून एक दणका ऐकू आला आणि झेंडूच्या ढिगापुढं घासाघीस करणारी माणसं क्षणभर गप्प झाली. कुणी म्हणालं, सुतळी बॉम्ब असेल, पोरांची दिवाळी लवकर आली. मग पुन्हा भाव सुरू झाले. तेवढ्या वेळात एका लहानशा कारखान्याच्या छपराचा सिमेंटचा पत्रा उचलला जाऊन खाली कोसळला होता आणि त्याच्याखाली जेऊरकर सर संपले होते.

देवदत्त जेऊरकरांनी अर्ध्या सोलापूरला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात. यांनी वेगळंच खूळ घेतलं. सोलापूरचं ऊन बाटलीत भरायचं म्हणे! ऊन म्हणजे उन्हाच्या विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन. तो दाबून कोंडायचा नाही, धातूच्या भुकटीत मुरवायचा. लोणच्यात मीठ मुरतं तसा तो भुकटीच्या कणाकणात मुरतो, तिच्याशी बांधला जातो आणि हवा तेव्हा परत मिळतो. धूर नाही, राख नाही, मागं उरतं ते फक्त पाणी. सरांची ही बाटली कमरेइतकी उंच आणि पोलादी होती. तिला सिलिंडर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. सिलिंडर म्हटलं की माणसं मागं सरतात, असं ते म्हणायचे.

दसऱ्याला ती बाटली पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायची होती. त्याच सकाळी कारखान्यात हायड्रोजन पेटला.

माणूस गेला की दोष द्यायला एक जिवंत माणूस लागतोच, ही आपली जुनी खोड. इथं तो शोधावाही लागला नाही. सरांची मदतनीस रेश्मा आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बाटली भरून व्हॉल्व्ह बंद करणारी शेवटची. पोरगी चाक फिरवायला विसरली, रात्रभर वायू गळला, संपलं. सगळ्यांनी मान डोलावली. सरांच्या पत्नी भार्गवीबाईंनी अंत्यसंस्काराला आलेल्या रेश्माच्या तोंडावर दार लावून घेतलं.

प्रकरण सहायक पोलीस निरीक्षक गोदावरी बिराजदार यांच्याकडं आलं तेव्हा कागद जवळजवळ तयार होते. रेश्माची सही तेवढी बाकी होती. गोदावरीबाई होटगीला तिच्या घरी गेल्या. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये ओट्याला पाठ लावून रेश्मा बसली होती. तिचे वडील दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"व्हॉल्व्ह बंद केल्याचं आठवतं का?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"चाक फिरवल्याचं आठवतं. पण ते त्या दिवशीचं की आदल्या दिवशीचं, ते कळत नाही, मॅडम. रोज हातानं होणारं काम लक्षात कुठं राहतं? घराला कुलूप लावतो आणि कोपऱ्यावर गेल्यावर वाटतं, लावलं का नाही. तसं झालंय माझं. सारखं तेच चाक डोळ्यांपुढं येतं."

"मग नक्की काय म्हणायचंय तुमचं?"

रेश्मानं वर पाहिलं. डोळे कोरडे होते. रडण्याच्या पलीकडं गेलेल्या माणसाचे असतात तसे.

"लिहून घ्या. मीच मारलं सरांना."

२

गोदावरीबाईंनी लिहून घेतलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतक्या सहज कबूल झालेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे, एवढंच. त्यांनी कारखान्याचं सील काढलं आणि तिथला जुना फिटर धुळाप्पा याला बरोबर घेऊन आत गेल्या.

आत शिरताच त्या थबकल्या. जळलेली जागा अशी कधी पाहिली नव्हती. दाराच्या चौकटीवरचं झेंडूचं तोरण करपून गेलं होतं, भिंतीवर उंचावरची कॅलेंडरं कोळसा झाली होती आणि खांद्याच्या खाली मात्र काहीच झालेलं नव्हतं. ओट्यावर मांडलेली हत्यारं जशीच्या तशी होती. पाने, करवत, वजनकाटा आणि मधोमध ती बाटली. बाटलीवरची फुलं सुकली होती, पण एक पाकळी जळलेली नव्हती.

"हा वायू हलका. छताला जाऊन बसतो," गोदावरीबाई स्वतःशीच म्हणाल्या. "धुळाप्पा, बंबवाल्यांनी आत पाणी मारलं का?"

"न्हाय, बाईसाहेब. एकदम उजेड, एकदम दणका आन् खेळ खलास. इझवायला काय उरलंच नव्हतं की."

"आणि खिडक्या?"

धुळाप्पानं मान खाली घातली. "बंद व्हत्या. त्येच कळंना बगा मला. सरांचा नेम लई कडक. सकाळी आलं की आदी दारं-खिडक्या उगडायच्या, मग बाहेर हुबं ऱ्हायाचं, मग बटणाला हात. येक दिस चुकलं न्हाईत. आन् त्या दिशी दार उगडलं ते सरळ मेन स्विच वर केला! ठिणगी तितंच पडली."

मेन स्विच दाराशेजारी, डोक्याच्या वर होता. त्याचं झाकण उडालेलं होतं.

"मेन बंद होता?"

"मीच केलता." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "खंडेनवमीला समदी हत्यारं पूजेत मांडायची आन् दसऱ्यापतोर हात लावायचा न्हाय. मशीनलाबी इसावा. म्हनून दर साली मेन पाडतो. सरच सांगायचे तसं. आता मला कळलं, मेन पाडला की वरचा एक्झॉस्ट बंद, गॅसची घंटीबी बंद. धूळ नको म्हनून पत्र्याच्या फटी आदीच बुजिवलेल्या. अय्यय्यो, बाईसाहेब, माझ्या हातनंबी पाप झालं की!"

गोदावरीबाईंनी त्याला बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी पूजा कशी झाली ते विचारलं.

"कोरडी पूजा. आत पान्याचा थेंब न्यायचा न्हाय. भुकटीला पानी सोसत न्हाय म्हनायचे सर. कलश न्हाय, शिंपडनं न्हाय, निरांजनबी न्हाय. दाराबाहीर बोट ओलं करायचं आन् आत येऊन कुंकू टेकवायचं. रेश्माताईनं लावलं. बाटलीच्या गळ्याला पाच बोटं, ठसठशीत. आन् वरच्या चाकाला येक. म्होरल्या अंगाला, येनाऱ्याला दिसंल असं."

गोदावरीबाई बाटलीजवळ गेल्या आणि वाकल्या. गळ्यावर पाच बोटं नव्हतीच. कुंकू गळ्यापासून ओघळत बुडापर्यंत आलं होतं, पाच लांब रेघा. खाली पोलादाला चिकटून लाल डबकं वाळलं होतं.

मग त्यांनी ओट्यावरची बाकीची हत्यारं पाहिली. प्रत्येकावरचं कुंकवाचं बोट दाराकडं तोंड करून होतं. फक्त बाटलीच्या चाकावरचं बोट भिंतीकडं होतं.

३

भार्गवी जेऊरकर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं नेमकं, आवाज खाली. त्यांनी गोदावरीबाईंना बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"त्या मुलीबद्दल विचारायला आला असाल तर मला काही बोलायचं नाही. पोटची म्हणून वागवलं तिला. या घरात तिचं ताट वेगळं नव्हतं."

"तिच्याबद्दल नाही. नवमीच्या संध्याकाळी सर कुठं होते?"

"इथंच. माझ्या माहेरची माणसं आली होती. रात्री झोपेपर्यंत त्यांच्या गप्पा संपत नव्हत्या. त्यांची किल्ली तिथं त्या खिळ्याला होती, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं." त्या थांबल्या. "खूश होते हो. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. दसऱ्याला सोनं लुटायचं म्हणत होते."

"म्हणजे?"

भार्गवीबाई आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. आत आपट्याची पानं होती, कडेनं वळायला लागलेली.

"पाहुण्यांना द्यायला आणली होती. म्हणाले, पानं देईन आणि त्याबरोबर भुकटीची सगळी कृतीही सांगेन. कुठल्या धातूंचा मेळ, किती तापवायचं, सगळं. ज्याला करायचं त्यानं करावं. सोनं लुटायचं असतं, पुरून ठेवायचं नसतं. त्यावरून दिग्विजयशी वाद झाला होता."

दिग्विजय म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी आणि या उद्योगातला भागीदार. पाहुणे पुण्याहून आणणारा तोच.

"वाद मोठा होता?"

"दिग्विजयचं म्हणणं, आधी हक्क आपल्या नावावर घ्या, मग वाटा. हे ऐकेनात. आठवड्यातून दोनदा जेवायला येणारा मुलगा, त्यानं येणं सोडलं. पण नवमीच्या पूजेला उशिरा का होईना आला, प्रसाद घेतला, पाया पडला. हे म्हणाले, निवळला बघ." त्यांनी पिशवीची नाडी ओढून घट्ट केली. "तो वाद मिटला होता. माझा माणूस भांडणानं गेला नाही, बाई. विसरभोळेपणानं गेला. दुसऱ्याच्या."

गोदावरीबाई निरोप घेऊन उठल्या. दारापाशी भार्गवीबाईंनी त्यांना हाक मारली.

"एक सांगाल? त्यांनी त्या दिवशी खिडक्या का नाही उघडल्या? रोज उघडणारा माणूस. मला रात्र रात्र तेच दिसतं."



४

दिग्विजयचं ऑफिस सात रस्त्याजवळ, पहिल्या मजल्यावर. चाळिशीचा, देखणा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सरांचा फोटो भिंतीवर लावला होता, ताजा हार घालून.

"वडील गेले हो माझे," तो म्हणाला, आणि ते नाटक नव्हतं. गोदावरीबाईंनी खोटं रडणं पुष्कळ पाहिलं होतं. हे खरं होतं.

"किल्ल्या कुणाकडं असायच्या?"

"सरांकडं, रेश्माकडं आणि माझ्याकडं. धुळाप्पाला किल्ली नाही, तो फाटकाबाहेर बसून राहतो कुणी येईपर्यंत."

"वाद झाला होता म्हणे तुमचा."

"झाला होता. लपवत नाही मी. सर देवमाणूस, त्यांना जगाचा व्यवहार कळत नव्हता. आज फुकट वाटाल, उद्या कुणीतरी मोठा त्याच्यावर आपलं नाव घालेल आणि तुम्हालाच दारात उभं करणार नाही. हे मी सांगत होतो. पण शेवटी त्यांचा शब्द. मी माघार घेतली."

"दसऱ्याच्या सकाळी कुठं होतात?"

"मोडनिंबला. पाहुणे पहाटे पुण्याहून निघाले होते. हायवेवर त्यांना घेऊन नाश्ता करत होतो, तिथंच फोन आला. गाडी सरळ सिव्हिल हॉस्पिटलला."

"कारखान्यात?"

"नाही. नवमीला पूजेनंतर सगळ्यांबरोबर बाहेर पडलो, तेव्हापासून आजतागायत पाय ठेवला नाही. हिंमतच होत नाही, मॅडम."

गोदावरीबाईंनी मान हलवली. "रेश्मा कशी मुलगी?"

दिग्विजयनं सुस्कारा सोडला. "वाईट नाही. वाईट म्हणणार नाही मी. पण घाई फार. होटगीची गाडी गाठायची असते ना रोज. अशा कामात घाई चालत नाही. पूजेतसुद्धा लक्ष नव्हतं तिचं. बाटलीवरचं कुंकू पाहिलंत ना? गळ्यापासून बुडापर्यंत नुसते ओघळ. साधं कुंकू धड लावता आलं नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही आज काहीतरी विसरणार. पण बिचारीला फार छळू नका. शिक्षा तिला झालीच आहे."

किती समजूतदार! गोदावरीबाईंनी आभार मानले, दिलेला चहा संपवला आणि जिना उतरू लागल्या. खालच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. त्या कठड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या आणि वर, त्या बंद दाराकडं पाहत राहिल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रेश्माला कारखान्याच्या अंगणात आणलं. सरांनी प्रयोगासाठी केलेली एक धाकटी बाटली कपाटात होती, हातभर उंचीची, भरलेली. धुळाप्पानं ती उघड्यावर स्टुलावर आणून ठेवली. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता, हवेत ओल होती.

"मी हात लावणार नाही," रेश्मा म्हणाली. तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले होते.

"मग मला कोण दाखवणार? मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या सरांनी सगळ्यांना शिकवायचं ठरवलं होतं ना? मला शिकवा."

रेश्मानं ओढणीखालून हात बाहेर काढले. मग पुढं झाली. गोदावरीबाईंनी कुंकवाचा करंडा तिच्यापुढं धरला. तिनं बोट ओलं करून बाटलीच्या गळ्याला पाच टिळे लावले, चाकाला एक. सवयीनं तो टिळा पुढच्या अंगालाच आला.

"आता समजा, चाक बंद करताना थोडंसं राहिलं. तेवढंच उघडा."

रेश्मानं चाक किंचित फिरवलं. काही ऐकू येईना. तिघं जरा लांब, सावलीत बसून राहिले. धुळाप्पानं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुणी खाल्ली, कुणी नुसती हातात धरली. मग गोदावरीबाईंनी जाऊन बाटलीला हात लावला. हवेइतकीच कोमट. कुंकू ठसठशीत, जसंच्या तसं.

"आता पूर्ण उघडा."

चाक फिरलं आणि बाटली फुसफुसू लागली. रेश्मा पटकन मागं आली.

"भुकटीतून वायू सुटायला ऊब लागते, मॅडम," ती म्हणाली. सांगताना तिचा आवाज हळूहळू तिचा स्वतःचा होत होता. "ती ऊब बाटलीतूनच घेतली जाते. माठातलं पाणी पाझरतं आणि माठ गार होतो की नाही, तसंच. सावकाश सुटला तर बाहेरची हवा ऊब पुरवते, कळतही नाही. पण एकदम सुटला की..."

ती बोलता बोलता थांबली.

बाटलीवर धुकं धरलं होतं. बघता बघता धुक्याचे थेंब झाले, थेंब जड झाले आणि गळ्यावरचे पाचही टिळे सुटून खाली धावू लागले. पाच लाल रेघा बुडापर्यंत गेल्या.

"आत मोठ्या बाटलीवर हेच आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "असेच ओघळ. बंबानं पाणी मारलेलं नाही, पूजेत पाणी शिंपडलेलं नाही. चाक थोडंसंच राहिलं असतं, तर बाटली भिजली नसती, आणि पूजा चालू असताना ती फुसफुसत असती, तर सगळ्यांना ऐकू आलं असतं. म्हणजे पूजा झाली तेव्हा चाक बंद होतं. तुम्ही बंद केलं होतं, रेश्मा. पूजेनंतर कुणीतरी येऊन ते पूर्ण उघडलं."

रेश्मा खाली बसली. तिथंच, मातीत. तोंडावर ओढणी दाबून ती इतक्या दिवसांचं रडली. धुळाप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला आणि त्याचंही नाक वाहत होतं.

गोदावरीबाईंनी तिला रडू दिलं. त्यांच्या मनात दिग्विजयचं ते एक वाक्य घोळत होतं.

६

त्यांनी सगळ्यांना कारखान्यातच बोलावलं. भार्गवीबाई येणार नाहीत असं वाटलं होतं, पण त्या आल्या. रेश्मा भिंतीला टेकून उभी होती, दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. दिग्विजय उंबऱ्यापाशीच थांबला.

"आत या," गोदावरीबाई म्हणाल्या. "नवमीपासून तुमचा पाय इथं लागला नाही म्हणालात. आज लागू द्या."

तो आत आला. करपलेल्या तोरणाखालून वाकून.

गोदावरीबाईंनी अंगणातला प्रयोग सांगितला, भिंतीकडं वळलेला चाकावरचा टिळा दाखवला. मग म्हणाल्या, "पूजा आटोपून सगळे निघाले तेव्हा कुंकू ठसठशीत होतं. चाक उघडल्यावर बाटली भिजली, मगच ओघळ आले. म्हणजे ते ओघळ कुणाला दिसले असतील? ज्यानं चाक उघडलं त्याला. आणि स्फोटानंतर आत आलेल्यांना, म्हणजे बंबवाले, धुळाप्पा आणि आम्ही. नंतर खोलीला सील होतं. आतला एकही फोटो मी बाहेर जाऊ दिलेला नाही."



"किल्ल्या तीन. सरांची घरी खिळ्याला होती, घरभर पाहुण्यांच्या डोळ्यांपुढं. रेश्मा त्या संध्याकाळी होटगीत देवीच्या देवळात होती, अख्ख्या गल्लीनं तिला पाहिलंय. तिसरी किल्ली ज्याच्याकडं होती त्यानं मला स्वतःच सांगितलं, गळ्यापासून बुडापर्यंत नुसते ओघळ. पूजेत पाहिले म्हणाला. पूजेत ते नव्हतेच. दिग्विजय, तुम्ही ते कधी पाहिलेत?"

 दिग्विजयची नजर बाटलीकडं गेली, रेश्माकडं गेली आणि शेवटी भार्गवीबाईंवर थांबली. तिथं ती टिकली नाही.

"मला सरांना मारायचं नव्हतं, काकू." तो एकदम लहान मुलासारखा बोलू लागला. "शपथ घेतो. बाटली रिकामी निघाली असती, प्रयोग फसला असता, पाहुणे परत गेले असते. एवढंच. चार महिने मिळाले असते मला त्यांना समजवायला. ते सगळं वाटून टाकणार होते, काकू! आयुष्याची कमाई! वायू काय, एक्झॉस्टमधून उडून जाईल म्हटलं. तो रात्रंदिवस चालू असतो. मेन पाडलाय हे मला माहीत नव्हतं. मी पूजेला उशिरा आलो होतो."

"तुम्ही इथं उभं राहून चाक उघडलंत," गोदावरीबाई म्हणाल्या. "ओघळ येईपर्यंत थांबलात. डोक्यावर पंख्याचा आवाज नव्हता, हे कळलं नाही?"

"दिवा लावायचा नव्हता, कुणी बघेल म्हणून. मोबाइलच्या उजेडातच..." तो अडखळला. "घाईत होतो."

तोच शब्द. बाहेर यंत्रमागांची खडखड चालूच होती.

सगळ्यात आधी धुळाप्पा बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता अचंबा होता.

"पूजेतल्या वस्तूला हात लावलात तुमी?"



"तेच झालं," गोदावरीबाई भार्गवीबाईंकडं वळल्या. "तुम्ही मला विचारलं होतंत, खिडक्या का उघडल्या नाहीत. सर विसरले नव्हते. खिडक्या उघडून थांबायचं ते कशासाठी? रात्रीत कुणी काही उघडं ठेवलं असेल म्हणून. पण ती खंडेनवमीची रात्र होती. सगळी हत्यारं पूजेत होती. त्या रात्री त्यांना कुणी हात लावत नाही. वर्षातली तेवढी एकच सकाळ अशी, की तपासायची गरज नव्हती. आपल्या माणसांवर त्यांचा तेवढा विश्वास होता."

भार्गवीबाई दिग्विजयच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही.

"वायूचं तुला कळलं नाही, धरून चालते. मग नंतर? नंतर तर कळलं होतं ना? त्या पोरीच्या नावावर का घातलंस?"

 हवालदार त्याला करपलेल्या तोरणाखालून बाहेर घेऊन गेले.

७

त्या संध्याकाळी भार्गवीबाई होटगीला गेल्या. रिक्षा क्वार्टरच्या तोंडाशी थांबवून चालत आल्या. रेश्माच्या वडिलांनी गडबडीनं खुर्ची पुसली, आईनं पाणी आणलं. भार्गवीबाई बसल्या नाहीत. त्यांच्या हातात ती कापडी पिशवी होती.

"दार लावून घेतलं मी तुझ्या तोंडावर," त्या म्हणाल्या. "शेवटचं बघूसुद्धा दिलं नाही तुला. ते आता परत देता येत नाही."



भार्गवीबाईंनी पिशवीत हात घातला. पानं वाळून गेली होती, बोटांत चुरा होत होता. त्यातल्या त्यात धड असलेलं एक पान त्यांनी शोधून काढलं.

"सुतकात सोनं देत नाहीत. मला ठाऊक आहे, तू मला शिकवू नकोस. पण हे त्यांनी वाटायला आणलं होतं. पहिलं तुला द्यायचं म्हणत होते, पाहुण्यांच्याही आधी. ती कृती आता तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, रेश्मा. वाटायची की ठेवायची ते तू ठरव."

रेश्मानं दोन्ही हात पुढं केले. पान तळव्यावर पडलं.

"काकू," ती म्हणाली, "मी बंद केला होता व्हॉल्व्ह."

इतक्या दिवसांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं होतं. आधी कुणी तिला विचारलंच नव्हतं आणि नंतर तिचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

"होय गं बाळा," भार्गवीबाई म्हणाल्या. "बंद केला होतास."

मग त्या खाली, ओट्याला टेकून तिच्या शेजारी बसल्या आणि रेश्माच्या आईनं न विचारता दोघींसाठी एकच ताट वाढलं.